हजेरीतला संतोष

आमच्या सैनिकी अकॅडमीच्या बेसबॉल संघाला वीस वर्षं झाली, तेव्हा संस्थेने स्मरणिका काढायचं ठरवलं आणि संघाचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात घातलं. मी शारीरिक शिक्षणाचा मास्तर, संघाचा पहिल्या दिवसापासूनचा कोच. माझ्याशिवाय लिहिणार कोण? मी दोन पानं लिहून दिली. कोणत्या साली जिल्ह्यात पहिले, कोणत्या साली विभागात दुसरे, किती पोरं भरती झाली, सगळं आलं. पाहुण्यांचे फोटोही आले. बेबीबाई रामसिंग राठोड हे नाव मात्र त्यात कुठेच नाही. ते मीच घातलं नाही. खरं लिहिलं असतं तर कोणी छापलं नसतं, आणि तिच्याबद्दल खोटं लिहायला माझा हात धजेना. म्हणून हे वेगळं लिहितो आहे.

अकॅडमी म्हणजे आखाडा बाळापूरच्या पुढे, हळदीच्या रानात उभी केलेली दोन मजली इमारत. गेटवर सिमेंटची तोफ, आत अकरावी-बारावीची अडीचशे पोरं, खाकी कपडे, पहाटेची परेड. ती काढली माणिकरावांनी. ते सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, घरची पन्नास एकर जमीन असलेले गृहस्थ. आम्ही सगळे त्यांना साहेब म्हणतो. त्यांनी बेसबॉल आणला तो काही खेळाच्या प्रेमापोटी नाही. क्रिकेटला आणि कबड्डीला जिल्ह्यात संघच संघ, तिथे आपली डाळ शिजणार नाही हे त्यांनी ओळखलं. बेसबॉल खेळतं कोण? दोन शाळा. म्हणजे एक मॅच जिंकली की थेट विभागाला. खेळाच्या प्रमाणपत्रावर पोलिसात आणि सरकारी नोकरीत राखीव जागा असतात, आणि आमच्याकडची पोरं अकॅडमीत येतात ती त्याच आशेने. मला नियमांचं पुस्तक देऊन साहेब म्हणाले, आठ दिवसांत शिकून घ्या. पहिल्या साली लातूरला आम्ही बावीस-शून्यने हरलो. आमच्या निम्म्या पोरांनी ग्लोव्ह उलट्या हातात घातले होते आणि ते मलाही कळलं नव्हतं.

बेबीबाई आली ती बरीच नंतर. जवळच्या तांड्यावरची. मेसमध्ये पोळ्या लाटायला दोन बाया हव्या होत्या, त्यातली ती एक. बोलायची कमी, पण हाताला उसंत नाही. तिचा नवरा रामसिंग दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला सांगलीकडे जायचा. ही जायची नाही. तांड्यातल्या तिच्या वयाच्या सगळ्या बाया नवऱ्यांबरोबर जात असताना हीच एकटी का मागे राहते, असं मी एकदा विचारलं. लेकराची शाळा बुडते, एवढंच ती म्हणाली. मला ते फार आवडलं. मी दोन-तीन ठिकाणी भाषणात सांगितलंही.

तिचं खरं काम मला अपघाताने कळलं. आमचं ग्राउंड मुरमाड. नवा बॉल चार दिवसांत उसवायचा, आणि संस्था वर्षाला एक डझन बॉल देऊन उपकार केल्यासारखी बघायची. एक दिवस असाच फाटलेला बॉल मी वैतागून मेसच्या ओट्यावर आपटला. दुसऱ्या दिवशी तो तिथेच होता, शिवून. लाल दोरा मेणबत्तीवर ओढून घेतलेला, टाके असे की कारखान्याने लाजावं. आईकडून आरशांचं भरतकाम शिकले, ती म्हणाली, त्यापुढे हे काय. तेव्हापासून आमच्या संघाचे सरावाचे सगळे बॉल तिनेच शिवले. एका बॉलला एकशे आठ टाके असतात हे मला पुस्तकात वाचून माहीत होतं, ते तिने मोजून सांगितलं.

तिची एक सवय होती. सकाळी सहाला मी ग्राउंडवर हजेरी घ्यायचो, तेव्हा ती कणीक मळायची सोडून मेसच्या खिडकीशी येऊन उभी राहायची. तिचा मुलगा अकरावीत दाखल झाला तेव्हापासूनची ही गोष्ट. संतोष रामसिंग राठोड, असं मी म्हणायचो, पोरगा हाजिर म्हणायचा, आणि ती परत कामाला लागायची. संध्याकाळी सरावाच्या वेळीही ती बॉल शिवायला म्हणून ग्राउंडच्या कडेला येऊन बसायची. आई आहे, पोराचा खेळ बघायला येते, असं मी धरून चाललो. पण ती खेळ बघायचीच नाही. मान खाली, सुई चालू. मी किंवा पोरांनी संतोष अशी हाक मारली की मात्र हात थांबायचा. घरी ती त्याला अमर म्हणायची. शाळेतलं नाव वेगळं आणि घरातलं वेगळं, हे आमच्याकडे नवं नाही. मी कधी विचारात घेतलं नाही.

पोरगा पिचर म्हणून देवाने पाठवला होता. अंगाने किडकिडीत, ओठावर लव नाही, पण चिंचा पाडून पाडून तयार झालेला हात. अकरावीत असताना आम्ही विभागात एका धावेने हरलो. बारावीच्या साली, म्हणजे मागच्या नोव्हेंबरात, लातूरला त्याने फायनलमध्ये समोरच्या संघाला एकही धाव काढू दिली नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा आमचा संघ राज्यस्पर्धेला निघाला. तिथे पहिल्या तिनात आलो तर सोळाच्या सोळा पोरांच्या हातात भरतीला चालणारं प्रमाणपत्र पडणार होतं. त्याला स्वतःला पोलिसात जायचं होतं. बाप कोयता घेऊन दरसाल गाव सोडतो, ते त्याला थांबवायचं होतं. साहेबांनी पेढे वाटले. बेबीबाईने त्या दिवशी मेसमध्ये शिरा केला, कोणी न सांगता.

राज्यस्पर्धेचा फॉर्म भरायला बसलो तेव्हा घोटाळा कळला. दहावीच्या प्रमाणपत्रावर पोराची जन्मतारीख बघितली, तर तो साडेएकोणीस वर्षांचा. स्पर्धा एकोणीस वर्षांखालची. जिल्ह्याला आमच्यासमोरचा संघ आलाच नव्हता, विभागात कोणी फार बघितलं नाही, आणि मी तर मुळीच बघितलं नव्हतं. तांड्यावरच्या सगळ्याच पोरांची तारीख एक जून असते. गुरुजी नाव घालताना तीच टाकतात. त्यामुळे एक जून दिसलं की आपण पुढे वाचत नाही. मी साल वाचलंच नव्हतं.

मी तसाच कागद घेऊन मेसमध्ये गेलो. दुसरी बाई बाजाराला गेली होती, बेबीबाई एकटीच मेथी निवडत बसली होती. मी विचारलं की ही तारीख बरोबर आहे का, की गुरुजींनी अंदाजे टाकली?

"बराबर हाय," ती म्हणाली. "संतोषची हीच हाय."

मी म्हणालो की असं कसं, पोरगं तर सोळा-सतरा वर्षांचं दिसतं. तिने मेथीची जुडी खाली ठेवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "हे पोरगं अमर हाय, सर. संतोष न्हाई."

मग तिने सांगितलं. तिला दोन मुलगे. थोरला संतोष, धाकटा अमरसिंग, तीन वर्षांनी लहान. संतोषला सातव्या वर्षी तांड्यावरच्या शाळेत पहिलीत घातला. दिवाळी झाली आणि सगळे ऊसतोडीला गेले, दोन्ही लेकरं बरोबर. तिथे उसाच्या फडावर पाचटाच्या कोपीत राहत असताना संतोषला ताप भरला. तीन दिवस अंग भट्टीसारखं तापलं. चौथ्या दिवशी बैलगाडीत घालून दवाखान्याला निघाले तेव्हा वाटेतच गेला. ओढ्याच्या काठाला पुरला. ना दाखला, ना नोंद, परक्या मुलखात कोण नोंद करतं? दुसऱ्या दिवशी दोघांनी कोयते हातात घेतले. परत आले उन्हाळ्यात. जूनमध्ये शाळेवर नवे गुरुजी बदलून आले आणि पट भरायला घरोघर फिरले. त्यांच्या हातात जुनं हजेरीपुस्तक होतं. हिच्या दारात उभं राहून त्यांनी मोठ्याने वाचलं, संतोष रामसिंग राठोड, पहिली.

"सहा महिन्यांनी कोणी त्याचं नाव घेतलं व्हतं," बेबीबाई म्हणाली. "घरात कोणी घेत नव्हतं. मला म्हणायचं व्हतं की त्यो न्हाई आता. पण माझ्या तोंडातून न्हाई निघालंच न्हाई. अमर माझ्यामागं उभा व्हता. गुरुजीनं त्यालाच हाताला धरलं. मी म्हणलं, जाऊ द्या."

त्या दिवसापासून बारा वर्षं शाळेत रोज त्या मुलाचं नाव घेतलं गेलं आणि रोज कोणीतरी हाजिर म्हणालं. तांड्याला माहीत होतं, पण तांडा असल्या गोष्टी बाहेर बोलत नाही. अमरला एवढंच माहीत, की गेलेल्या भावाचं नाव आपल्याला दिलं आहे. ती ऊसतोडीला का जात नव्हती ते मला तेव्हा कळलं, आणि माझी ती भाषणं आठवून मला माझीच लाज वाटली.

इथे मी थांबायला हवं होतं. पण मला दुसऱ्यांचे प्रश्न सोडवायची भारी हौस. अमरचा जन्म बाळापूरच्या सरकारी दवाखान्यात झाला होता, त्याचा दाखला घरी होता. मी तिला समजावलं. म्हणालो, तहसीलला प्रतिज्ञापत्र करू, खरं काय ते लिहून देऊ. तो दाखला जोडू. मुलगा खरंच सोळा वर्षांचा आहे, त्याचा हक्क कशाला बुडवायचा? फक्त थोरला वारला, हे तुम्हाला सांगावं लागेल. ती म्हणाली, दोन दिवस द्या. रामसिंगला फोन केला तर तो म्हणाला, ते नाव तू चालू ठेवलंस, आता तूच बघ. तिसऱ्या दिवशी ती हजेरीच्या वेळी खिडकीशी आली, आणि हजेरी संपल्यावर माझ्याकडे येऊन म्हणाली की आज चला.

कळमनुरीला तहसीलच्या बाहेर टाइप करणाऱ्याकडे आम्ही बसलो. मी सांगत गेलो, तो टाइप करत गेला. त्याची पद्धत अशी की कागद झाला की मोठ्याने वाचून दाखवायचा. त्याने वाचलं, मला दोन अपत्ये असून त्यापैकी थोरला मुलगा संतोष हा मयत आहे. शेजारी उत्पन्नाच्या दाखल्याला आलेली माणसं चहा पीत होती, कोणी वळूनही बघितलं नाही. बेबीबाईने मयत या शब्दाला डोळे मिटले. मग आत जाऊन नायब तहसीलदारांपुढे अंगठा दिला. खरं आहे का, असं त्यांनी विचारलं. ती व्हय म्हणाली. बारा वर्षं जे तोंडातून निघालं नव्हतं ते एका शब्दात झालं.

मी तिला मोटारसायकलवर तांड्यावर सोडलं. उतरल्यावर ती घरात गेली नाही, दारातच बसली. तिला बघून शेजारची एक म्हातारी आली, तिने विचारलं काय झालं, आणि बेबीबाईने त्यांच्या गोरमाटी बोलीत काहीतरी सांगितलं. मग एकेक बाई येत गेली. ऊसतोडीला न गेलेल्या म्हाताऱ्या-कोताऱ्या सगळ्या जमल्या, एकमेकींच्या गळ्यात हात टाकून त्यांच्या चालीत रडू लागल्या. बारा वर्षांपूर्वी फडावर जे रडणं झालं नव्हतं ते त्या दिवशी झालं. मी गाडी ढकलत वळणापर्यंत गेलो, मग चालू केली. तिथे किक मारायची मला हिंमत झाली नाही.

एवढं करून काय झालं? काही नाही. क्रीडा कार्यालयातल्या माणसाने कागद नीट वाचले, हळहळलाही. पण नियमाला तो काय करणार? दहावीच्या प्रमाणपत्रावर जे नाव आणि जी तारीख तीच धरायची, दहावीनंतर ती बदलत नाही. त्याने सगळे कागद मला परत दिले. संघ अमरशिवाय गेला आणि पहिल्याच मॅचमध्ये अकरा-दोनने हरून आला. अमर स्टँडवर पोरांना सोडायला आला होता, सगळ्यांच्या बॅगा त्याने बसवर चढवल्या.

आणि मग आगीतून फुफाट्यात. प्रतिज्ञापत्राची एक प्रत मी, अक्कल गहाण ठेवून, अकॅडमीच्या ऑफिसात दिली होती. साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, संतोष राठोड मेलेला असेल तर बारावीचा फॉर्म कोणाच्या नावाने भरलाय आपण? दहावी कोण पास झाला? उद्या बोर्डाला कळलं तर पोराची परीक्षा जाईल आणि माझी मान्यता जाईल. मी वाद घातला, आवाजही चढवला. पण ते चुकीचं बोलत नव्हते. कागदावर मेलेला मुलगा दहावीला एकाहत्तर टक्क्यांनी पास झालेला होता, आणि जिवंत मुलगा शाळेचं तोंडही न बघितलेला. साहेबांनी माझ्यासमोर ती प्रत फाडली आणि म्हणाले, मूळ कागदही संपवा, नाहीतर मी फॉर्म थांबवतो. मूळ कागद बेबीबाईकडे होता. तिने तो मागून घेतला होता.

मी तांड्यावर गेलो. ती तहसीलच्या दिवसापासून मेसला आलीच नव्हती. अमर बाजेवर पुस्तक घेऊन बसला होता, मला बघून उठला. मी उभ्यानेच सांगितलं. आधी मी तुम्हाला तो मेला असं म्हणायला लावलं, आता तसं नाही म्हणा असं सांगायला आलोय. मला माफ करा. अमर आईकडे वळून म्हणाला, "राहू दे, याडी. मी न्हाई देत परीक्षा. बापाकडं जातो कोयता घेऊन."

ती त्याच्यावर ओरडली नाही. पेटीतून कागद काढून माझ्याजवळ आली आणि विचारलं, "ह्यात संतोष कुठं लिवलाय?"

मी दाखवलं. तिने त्या अक्षरांवर बोट ठेवलं. मग विचारलं की अमर कुठे आहे. मी त्याच्या खालची ओळ दाखवली. दोघांची नावं एका कागदावर तिने कधी बघितली नव्हती, आणि बघितली असती तरी तिला वाचता आली नसती. मग चुलीपाशी जाऊन तो कागद आत सारला, आणि काडीने पूर्ण जळेपर्यंत ढोसत राहिली. मला म्हणाली, "तुमची चूक न्हाई, सर. पहिल्यांदा मीच गप बसले व्हते." मला रडू आवरलं नाही. पन्नाशीचा माणूस मी, पोरासमोर रडलो.

फेब्रुवारीत परीक्षा. केंद्र बाळापूरलाच. पहिल्या पेपरला मी दोघांना घेऊन गेलो. वाटेत मी तिला बजावलं की गेटवर पोलीस आहेत, यादी हातात आहे, इथे अमर म्हणू नका, चुकूनही. ती बरं म्हणाली. पोरगं गेटमधून आत गेलं आणि तिच्या लक्षात आलं, पेनांची डबी आपल्याच पिशवीत राहिली. ती पुढे धावली. तिच्या पायाला सवय नसलेली चप्पल होती, ती निघाली. गेटच्या लोखंडी गजांना धरून तिने हाक मारली, "संतोष."

त्याने मान वळवली नाही. तिने आणखी मोठ्याने हाक मारली. बाकीची पोरं बघू लागली, पोलीस बघू लागला, तो मात्र पुढे चालत राहिला. बारा वर्षं शाळेत सगळ्यांच्या तोंडून त्याला ते नाव सवयीचं झालेलं, पण आईच्या आवाजात ते आपलं आहे हे त्याला माहीतच नव्हतं. मी ओरडलो, संतोष. तो लगेच वळला, धावत आला, डबी घेतली, आईच्या पायाला हात लावला आणि गेला.

ती गजांना धरून तशीच उभी होती. मी तिची चप्पल आणून पुढे ठेवली.

"माझ्या हाकेला संतोष येत न्हाई, सर," ती म्हणाली, आणि चप्पल पायात घालायला खाली वाकली.